लेकुरवाळ्यांची मुंबई

आपल्या भाषेंत प्रवासवर्णनांचा तोटा नाहीं. काशीरामेश्वरापासून विलायतेपर्यंतच्या यात्रा मराठी लेखकांनीं हौसेनें लिहिल्या आणि मराठी वाचकांनीं त्याहून अधिक हौसेनें वाचल्या. परंतु या सगळ्या वाङ्मयांत एक प्रवासी जवळजवळ आढळतच नाहीं. तो म्हणजे तीन वर्षांचें मूल. ग्रंथकार घाट चढतात, नद्या उतरतात, राजवाडे पाहतात, तेथील शिलालेख उतरून घेतात. पण त्यांच्या कडेवर कोणी नसतें, शिलालेखाच्या ऐन तिसऱ्या ओळीला कोणी पाणी मागत नाहीं, कीं परतीच्या गाडींत कोणी त्यांच्या अंगरख्यावर झोंपीं जात नाहीं. पुढच्या काळांतील एखाद्या संशोधकानें यावरून असा सिद्धांत काढला कीं, महाराष्ट्रांत पांच वर्षांखालील मुलें उंबऱ्याबाहेर काढण्याची चालच नव्हती, तर त्याला दोष देतां येणार नाहीं. वस्तुस्थिति अर्थातच उलट आहे. मुलें जात होतीं, आणि पुष्कळ जात होतीं. लिहिणारा पुढें चालत होता व मूल सांभाळणारी मागून येत होती, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबईविषयीं हें विशेषच खरें आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ 1863 सालीं प्रसिद्ध झालें, आणि आचार्य व शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ 1889 सालीं निघाला. दोन्ही ग्रंथ आपल्या भाषेचीं भूषणें होत. शहराचे रस्ते, देवळें, बाजार, गिरण्या व नाना जातींचे लोक यांची माहिती त्यांतून मिळते. परंतु लेकुरवाळ्या कुटुंबानें चार दिवसांच्या सुटींत हें शहर कसें पाहावें, हा त्यांचा विषय नव्हे. तो आज आम्हीं हातीं घेतला आहे. विषय क्षुल्लक आहे असें कोणास वाटेल, तर त्यानें दोन मुलांस घेऊन एकदां दादरचा पूल ओलांडावा आणि मग आमच्याशीं वाद घालण्यास यावें.

शहराकडे पाहण्याची जागा म्हणून आम्हीं विक्रोळी निवडली आहे, आणि तशी निवडण्यास कारण आहे. 1853 सालच्या एप्रिलच्या 16 तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ती विक्रोळीच्या शिवारांतूनच. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित पाहुणे, पुढें तीन एंजिनें, आणि निघतांना तोफांची सलामी, असा तो थाट होता. पूर्वेस खाडीकांठचीं तिवरांचीं रानें व मिठागरें, पश्चिमेस पवई-विहाराकडील डोंगर, अशा मधल्या पट्ट्यांत हें गांव वसलेलें. 1920 सालीं उपनगरांचा निराळा जिल्हा झाला, आणि 1950 सालीं शहराची हद्द भांडुपापर्यंत वाढली तेव्हां विक्रोळी मुंबई महापालिकेंत आली. त्याच सुमारास पिरोजशा गोदरेज यांनीं येथें घेतलेल्या विस्तीर्ण जमिनीवर कारखाने उभे राहूं लागले होते. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं लागणाऱ्या पोलादी मतपेट्या 1951 सालीं मोठ्या संख्येनें विक्रोळीसच तयार झाल्या. मग कामगारांचीं व कारकुनांचीं घरें आलीं. टागोर नगर झालें. जेमतेम वर्षभर मुख्यमंत्री राहून 1963 सालीं निवर्तलेल्या मारोतराव कन्नमवारांच्या नांवाचें कन्नमवार नगर झालें. या घरांत राहणाऱ्यांस कागदोपत्रीं मुंबईकर होऊन पाऊणशें वर्षें होत आलीं, तरी तेथील जुनीं माणसें बोरीबंदराकडे जावयाचें झालें म्हणजे अजून “मुंबईला जातों” असेंच म्हणतात. आमच्या मतें हा बोलण्यांतला प्रमाद नसून ती इतिहासाची नोंद आहे. विक्रोळीकर मुंबईंत राहतो, आणि मुंबई पाहावयास घरून निघतो. शिवाय साताऱ्याकडचे, रत्नागिरीकडचे पाहुणे सुटींत उतरतात तेहि याच्याच घरीं. म्हणून लेकुरवाळ्यांच्या सहलीचा विचार करावयास याहून चांगलें ठिकाण मिळणें कठीण.

सुटींत लेंकरें घेऊन मुंबई पाहावयाची, ही कल्पना आज इतकी स्वाभाविक वाटते कीं, तिचें वय किती थोडें आहे हें ध्यानांत येत नाहीं. शंभर वर्षांपूर्वीं सुटीचा ओघ उलट दिशेनें वाहत असे. मुलांना मुंबईस आणावयाचें नसे. मुंबईहून न्यावयाचें असे. गांवचें पाणी, गांवची हवा, आजीच्या हातचा मऊ भात, या तीन औषधांवर चाळींतल्या मुलाचा अशक्तपणा जाईल अशी सर्वांची श्रद्धा होती, आणि ती निराधार नव्हती.

या शहराचें आणि लहान मुलांचें नातें फार जुनें व फार कठोर आहे. 1802 सालच्या जूनच्या 14 तारखेस मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत ही लस जिच्या अंगीं लागली ती पहिली व्यक्ति म्हणजे ही चिमुकली. तिच्या दंडावरच्या फोडांतील लस घेऊन पुढें इतरांस टोंचण्यांत आली. मुंबईच्या इतिहासांत गव्हर्नरांचीं नांवें पुष्कळ पाठ करवून घेतात. या मुलीचें नांव मात्र शाळेंत कोणी विचारीत नाहीं. पुढें 1877 सालच्या कायद्यानें शहरांत लहान मुलांस देवी काढणें सक्तीचें झालें. पण देवी हा एकच शत्रु नव्हता. 1896 सालीं मांडवीच्या वस्तींत प्लेग उघडकीस आला आणि लाखों माणसें शहर सोडून निघाली. ज्यांना जावयास गांव होतें त्यांनीं मुलें आधीं पाठविलीं. आणि 1921 सालचा आंकडा तर वाचतांना हात थांबतो: त्या वर्षीं मुंबईंत नोंदलेल्या दर 1000 जन्मांमागें 666 बालकें वर्षाचीं होण्याच्या आंतच दगावल्याची नोंद आहे. हा आंकडा फुगलेला आहे हें खरें. कारण पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास गांवीं जात, जन्माची नोंद मुंबईंत होत नसे, आणि मूल घेऊन परत आल्यावर त्याच्या मृत्यूची मात्र होत असे. परंतु फुगवटा काढून टाकला तरी जें उरतें तें भयंकरच आहे. एकखणी खोलींत चूल, मोरी, पाळणा व सहा माणसें जेथें नांदत, तेथें पाळणा रिकामा होण्यास दुसरें कारण शोधावें लागत नसे. अशा शहरांत मूल घेऊन मौजेखातर कोण येणार?

येत असत ते निराळ्या कामाला. परळास बाई जेरबाई वाडिया यांच्या नांवाचें मुलांचें रुग्णालय 1929 सालीं सुरू झालें, आणि तेव्हांपासून कोंकणांतल्या व देशावरच्या किती तरी कुटुंबांची मुंबईशीं पहिली ओळख त्या रुग्णालयाच्या दारांत झाली. “मुलाला वाडियांत दाखविलें” हें वाक्य ज्या घरांत एकदां बोललें गेलें त्या घरांत परळ हें नांव वेगळ्याच स्वरांत उच्चारलें जातें. विक्रोळीहून बोरीबंदराकडे जाणाऱ्या धीम्या गाडीस परळ आधीं लागतें, राणीच्या बागेचें भायखळा नंतर. एकाच बांकावर बसलेल्या दोन आयांपैकीं एक अलीकडे उतरते, दुसरी पलीकडे. आणि दोघींच्या पिशवींत दुधाची बाटली तीच असते.

दुधावरून आठवलें. शहरांतल्या तबेल्यांतील दूध मुलास पाजणें हें पूर्वीं धाडसाचें काम होतें. 1949 सालीं गोरेगांवास आरे दुग्धवसाहत वसविण्यांत आली, गुरें शहराबाहेर गेलीं, आणि बाटलींतलें, तापवून थंड केलेलें दूध नाक्यानाक्यावर मिळूं लागलें. पाण्याची व्यवस्था त्याच्याहि पूर्वींची: विहार तलाव 1860 सालीं पुरा झाला, पुढें तुळशी, 1892 सालीं तानसा. शहराच्या सहलीचा इतिहास सांगतांना हा नळाचा व दुधाचा पाल्हाळ कशाला, असें वाचक विचारतील. परंतु आमचें म्हणणें हेंच आहे कीं, मुंबईंतील मुलांच्या सहलीचा आरंभ कोणत्याहि बागेनें केला नाहीं. तो देवीच्या लसीनें, विहाराच्या नळानें आणि आरेच्या बाटलीनें केला. मूल जगेल अशी खात्री वाटूं लागल्यावरच त्याला हत्ती दाखविण्याची इच्छा होते.

येण्याचा मार्ग हाहि एक प्रश्नच होता. देशावरून आगगाडी होती. कोंकणांतून मात्र 1998 सालीं कोंकण रेल्वे पुरती सुरू होईपर्यंत लोहमार्ग नव्हता, आणि कित्येक पिढ्यांच्या मुलांनीं मुंबईचें पहिलें दर्शन आगबोटीच्या डेकवरून, आईच्या पदराआडून, बहुधा ओकारी झाल्यानंतर घेतलें. भाऊच्या धक्क्यावर ट्रंका, आंब्यांच्या करंड्या व मुलें यांची मोजणी करून मंडळी उतरत, आणि मोजणी जुळली कीं बाप पहिला नि:श्वास टाकी. या मार्गाची भीति खोटी नव्हती. 17 जुलै 1947 रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर कित्येक वर्षें रायगड-रत्नागिरीकडील आज्या नातवंडांस पावसाळ्यांत बोटींत बसवूं देत नसत, आणि त्यांना समजावण्याच्या भानगडींत कोणी पडतहि नसे.

उतरावयाचें कोठें, हा त्यापुढचा प्रश्न. क्रॉफर्ड मार्केटाजवळचें सरदारगृह प्रसिद्धच आहे. लोकमान्य टिळकांनीं 1 ऑगस्ट 1920 रोजीं तेथेंच देह ठेवला. पण असलीं गृहें कामासाठीं आलेल्या पुरुषांचीं. खानावळीचेंहि तेंच, तेथें पंगतींत रांगतें मूल आणणें म्हणजे इतर गिऱ्हाइकांवर अरिष्टच. मुलाबाळांच्या कुटुंबास बाहेर बसून चहा पिण्याची सोय प्रथम केली ती, आमच्या समजुतीप्रमाणें, इराण्यांनीं. त्यांच्या दुकानांतील लांकडी आडोशाच्या ‘फॅमिली रूम’मध्यें आई निर्धास्तपणें मुलाच्या तोंडांत बुडविलेला ब्रून घालूं शके. बाकी राहण्याला मुंबईंत नातेवाईक हेंच एक ठिकाण होतें. गिरगांवांतल्या व लालबागेंतल्या दहा-बारा फूट खोलींत आधींचीं सहा माणसें असतां आणखी पांच कशीं मावत, हें स्थापत्यशास्त्राला न उलगडलेलें कोडें आहे. पुरुष गॅलरींत निजत, बायका व मुलें आंत. शेजाऱ्यांकडे दोन उशा व एक पाळणा मागावा लागे, आणि तो मिळे. पुढें तींच कुटुंबें विक्रोळी-मुलुंडाकडे राहावयास आलीं, तेव्हां पाहुण्यांचा मुक्काम त्यांच्या मागोमाग उपनगरांत आला. कन्नमवार नगराच्या इमारतींत खोली दीड झाली, नळ घरांत आला, पण पाहुण्यांच्या वळकट्या पसरण्याची रीत तीच राहिली.

आतां पाहण्याच्या स्थळांकडे वळूं. आणि त्यांत पहिला मान राणीच्या बागेचा, याबद्दल दुमत नसावें.

ही बाग मुलांकरितां झालेली नाहीं. शेती व उद्यानविद्या यांचा प्रसार करणाऱ्या एका मंडळीनें भायखळ्यास ही वनस्पतींची बाग वसविली, आणि 1862 सालीं लेडी फ्रिअर यांच्या हस्तें ती उघडण्यांत आली. देशोदेशींचीं झाडें लावून पाहावयाचीं, त्यांचीं शास्त्रीय नांवें पाटीवर लिहावयाचीं, आणि सुशिक्षितांनीं तीं वाचीत सावकाश फिरावयाचें, असा मूळ बेत. शेजारीं वस्तुसंग्रहालयाची इमारत झाली. तिच्यासाठीं नाना शंकरशेट, डॉक्टर भाऊ दाजी, डेव्हिड ससून अशांनीं पैसा व श्रम दिले, आणि 2 मे 1872 रोजीं तें लोकांस खुलें झालें. 1975 पासून त्यास भाऊ दाजींचें नांव आहे. मूळची मंडळी मोडल्यावर 1873 सालीं बाग म्युनिसिपालिटीकडे आली, त्यानंतर वीसएक वर्षांत तेथें जनावरें आलीं, आणि जनावरांच्या मागून मुलें आलीं. तेथून पुढें झाडांच्या पाट्या वाचणाऱ्या विद्वानांस या बागेंत कोणी विचारिलें नाहीं. राणीचें नांव जाऊन वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव आलें, तरी मुलांच्या तोंडीं ती राणीचीच बाग राहिली आहे. आणि राणी कोण, हें त्यांतल्या एकालाहि ठाऊक नाहीं.

या बागेचा गुण असा कीं, शहरानें नाकारलेल्या वस्तु येथें येऊन मुलांच्या होतात. घारापुरीच्या बंदराजवळ एक भला मोठा दगडी हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा हें नांव दिलें. 1864 सालीं त्यास विलायतेस नेण्याची खटपट झाली, ती करतांना तो फुटला, आणि त्याचे तुकडे मुंबईंत राहिले. पुढें ते सांधून हत्ती बागेंत उभा करण्यांत आला. घारापुरीची सहल दोन-तीन वर्षांच्या मुलांस घेऊन करूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. तासाभराचा पडाव, मग शंभराहून अधिक पायऱ्या, आणि शेवटीं त्रिमूर्तीसमोर पोंचतांच मूल झोंपलेलें. त्यापेक्षां ज्यानें बेटाला नांव दिलें तो हत्तीच भायखळ्यास येऊन बसला आहे, हें लेकुरवाळ्यांचें भाग्य समजावें. तसाच तो काळा घोडा. 1879 सालीं ससूनांनीं शहरास दिलेला, घोड्यावर बसलेल्या युवराजाचा हा पुतळा 1965 सालीं आपल्या चौकांतून हलविला गेला व याच बागेंत आला. चौकांतील राजनिष्ठेचें प्रदर्शन येथें येतांच नुसता ‘घोडा’ झालें. वर बसलेल्या सातव्या एडवर्डाकडे कोणी पाहत नाहीं. साम्राज्याचें इतकें निरुपद्रवी विसर्जन इतिहासांत विरळा.

2016 सालीं येथें हंबोल्ट पेंग्विन आले, त्यांच्यासाठीं शीतगृह बांधलें, आणि त्यावरून वर्तमानपत्रांत पुष्कळ वाद झाला. वादाचा विषय खर्चाचा व प्राण्यांच्या प्रकृतीचा होता, आणि तो गैर नव्हता. उंच पिंजऱ्यांतील वाघ पाहावयास मुलास उचलावें लागतें, पेंग्विन काचेजवळ येऊन त्याच्या डोळ्यास डोळा भिडवितो, ही बाजूहि नमूद करून ठेवतों. पण खर सांगावयाचें तर तीन वर्षांचें मूल राणीच्या बागेंत सर्वांत अधिक वेळ घालवितें तें पेंग्विनापाशीं नव्हे, वाघापाशींहि नव्हे. तें घालवितें वाटेवरील खारीमागें व पडलेल्या शेंगा वेंचण्यांत. दीडशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं तीं झाडें लाविलीं त्यांचा मूळ हेतु अशा रीतीनें सिद्धीस गेला आहे. संग्रहालयांतहि मोठ्या चित्रांकडे मूल ढुंकून पाहत नाहीं. काचेच्या कपाटांतल्या मातीच्या लहानग्या मूर्तींपाशीं, कुंभार, विणकर, नाना पगड्यांची माणसें यांच्यापाशीं, तें नाक चिकटवून उभें राहतें.

बागेइतकेंच मुलांचें प्रेम वाहनांवर. 1874 सालीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, 1907 सालीं विजेची आली, आणि 31 मार्च 1964 च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम गेली. त्या रात्रीं केवळ निरोप देण्यासाठीं माणसें रस्त्यावर उभीं होतीं. दुमजली बस 1937 सालीं आली, आणि तिच्या वरच्या मजल्यावरील अगदीं पुढचें बांक ही मुंबईच्या बालजगांतील सर्वांत मोठी जहागीर ठरली. जुन्या लाल दुमजली गाड्या सप्टेंबर 2023 मध्यें बंद झाल्या. त्याच वर्षीं विजेवर चालणाऱ्या, थंड हवेच्या नव्या आल्या. त्यांची खिडकी उघडत नाहीं. तोंडावर वारा न येतां दुमजली गाडींत बसण्यांत काय हंशील, असें आम्हांस वाटतें. मुलांचा अभिप्राय आमच्या उलट आहे, हेंहि सांगणें प्राप्त आहे.

मलबार टेंकडीवरील दोन बागांची कथा मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. वरची ‘हँगिंग गार्डन’, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यान, 1881 सालीं झाली. ती लोंबकळत नाहीं, तिच्याखालीं पाणी आहे. शहराला पुरविण्याच्या पाण्याचा मोठा हौद झांकण्यासाठीं वर माती टाकून ही बाग केलेली आहे. मुलें ज्या हिरवळीवर लोळतात तिच्याखालीं त्यांच्या रात्रीच्या भाताचें पाणी आहे. समोरच 1952 सालीं कमला नेहरू उद्यान झालें, आणि त्यांत तो प्रसिद्ध ‘म्हातारीचा बूट’. हा बूट जलखात्याच्या अभियंत्याच्या कल्पनेंतून निघाला, आणि बागेची देखरेखहि त्या खात्याकडेच आहे. ज्या खात्यानें मुंबईच्या मुलांस आधीं स्वच्छ पाणी दिलें, त्यानेंच पुढें त्यांना खेळावयास जागा दिली, याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

नवल वाटतें तें बुटाचें. ही म्हातारी इंग्रजी बालगीतांतली. बुटांत राहते, मुलें अतोनात झालीं आहेत, आणि त्यांचें काय करावें हें तिला सुचत नाहीं. मराठी म्हातारी असती तर ती भोपळ्यांत बसून लेकीकडून परत निघाली असती, आणि वाटेंत वाघाला फसविलें असतें. स्वराज्य मिळून पांच वर्षें झालीं असतां बागेंत भोपळा न बांधतां बूट कां बांधला, असा प्रश्न देशाभिमानी वाचकांच्या मनांत येईल, आणि आमच्याहि आला होता. परंतु विचार केला म्हणजे बूटच योग्य वाटतो. भोपळ्यांतली म्हातारी एकटी आहे. धष्टपुष्ट होऊन सुखानें परत येते. बुटांतली म्हातारी मुलांनीं घेरलेली आहे, घर तिला पुरत नाहीं, आणि तरीहि तें सोडून ती जात नाहीं. एका खोलींत अकरा माणसें निजविणाऱ्या मुंबईला याहून खरें चित्र कोठून मिळावें? गिरगांवांतल्या वा विक्रोळींतल्या आईनें त्या बुटाच्या खिडकींतून डोकावणाऱ्या आपल्या पोरास खालून हांक मारावी, आणि त्यानें बारा वेळां “अजून एकदां” म्हणावें, एवढ्यानें ती म्हातारी पुरती मराठी झाली आहे.

बाकीच्या स्थळांविषयीं थोडक्यांत. 1951 सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांनीं उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयानें चौपाटीजवळ दोन पिढ्यांच्या मुलांना समुद्राच्या पोटांतले मासे दाखविले. वरळीचें तारांगण 1977 चें, विज्ञान केंद्र 1985 चें. पहिल्यांत अंधार होतांच लहान मुलें रडतात, म्हणून तें शाळेंत जाणाऱ्या भावंडांकरितां ठेवावें. दुसऱ्यांत मात्र मोकळी जागा व हात लावावयास यंत्रें पुष्कळ. पंचम जॉर्जच्या आगमनाचें स्मारक म्हणून 1924 सालीं पुरें झालेलें ‘गेटवे ऑफ इंडिया’ मुलांच्या दृष्टीनें कबुतरांचें अंगण आहे. तेथून जवळच 1922 सालीं उघडलेलें मोठें वस्तुसंग्रहालय, आतां छत्रपति शिवाजी महाराजांच्या नांवाचें. त्याच्या आवारांत मुलांसाठीं म्हणून वेगळें संग्रहालय 2019 सालीं झालें. बूट 1952 चा, हें 2019 चें; मधल्या सदुसष्ट वर्षांत या श्रीमंत शहरानें अगदीं लहान मुलांचा विचार मुद्दाम किती वेळां केला, याची गणती करावयास एका हाताचीं बोटें पुरतात. बाकी सर्व ठिकाणीं मुलें स्वतःच शिरलीं, आणि जागा आपली करून बसलीं.

आतां विक्रोळीहून निघावयाचें कसें तें सांगतों, कारण याच ठिकाणीं बहुतेक बेत फसतात. बोरीबंदर येथून सुमारें 23 किलोमीटर. जलद गाड्या विक्रोळीस थांबत नाहींत. त्या पकडावयास घाटकोपरास गाडी बदलावी लागते, आणि कडेवर मूल असतां गाडी बदलणें म्हणजे वाचविलेल्या दहा मिनिटांसाठीं अर्ध्या दिवसाचें स्वास्थ्य घालविणें होय. धीमी गाडी घ्यावी. ती भायखळ्यास थेट नेते, राणीची बाग तेथून चालण्याच्या टप्प्यांत आहे, आणि वाटेंत प्रत्येक स्टेशन पाहण्यांत मूल रमतें. कचेऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, दहाच्या पुढें निघावें. बुधवार टाळावा, त्या दिवशीं बाग व भाऊ दाजींचें संग्रहालय दोन्ही बंद असतात. बाबागाडी घरीं ठेवावी, कारण आमच्या स्टेशनांचे पूल बाबागाडी शोधून निघण्यापूर्वींच्याच मनोवृत्तीचे आहेत. पांच वर्षांखालील मुलास तिकीट नाहीं, पण त्याला जागाहि नाहीं, हें निघतांनाच मनाशीं धरावें.

एका दिवशीं एकच स्थळ. पाहुण्यांस हें पटत नाहीं. चार दिवसांत चौदा स्थळें उरकून गांवीं यादी सांगावयाची असते, आणि यजमानीणबाई भिडेपोटीं हो म्हणतात. तिनें हो म्हणूं नये. पहिल्या दिवशीं राणीची बाग. दुसऱ्या दिवशीं विश्रांति. तिसऱ्या दिवशीं टेंकडीवरचा बूट व उतरतांना चौपाटी. विश्रांतीच्या दिवशीं घरच्या पूर्वेस जावें. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत ठाण्याच्या खाडींत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. 2015 सालीं खाडीच्या कांहीं भागास त्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर केलें आहे. जेथून मिठागरें व तिवरें दिसतात अशा कोणत्याहि उंच गच्चीवरून ती गुलाबी रेघ मुलास दाखवितां येते, आणि तिला तिकीटहि नाहीं.

परतीची गाडी चारच्या आंत धरावी. पांचनंतर बोरीबंदराहून निघालेल्या डब्यांत मूल घेऊन चढणें हें धैर्य नसून अविचार आहे. बायकांच्या डब्यांत खिडकीची जागा मागावी. मूल पाहून ती बहुधा मिळते. दादर गेलें कीं मूल झोंपतें. विक्रोळीस गाडी अर्धें मिनिटच थांबते. म्हणून घाटकोपर सुटतांच चपला पिशवींत भराव्या, बाटली आवळावी, आणि मूल खांद्यावर घेऊन दाराशीं उभें राहावें.